दसरा काढताना घरात परत काय न्यायचं

घट बसायला पंधरा दिवस राहिले की आमच्या लातूरच्या गल्लीत बायका भेटल्या की पहिला प्रश्न तोच, "काढला का दसरा?" बाहेरगावाहून आलेल्या सुनांना तो आधी कळत नाही. दसरा काढायचा म्हणजे घरातलं होतं नव्हतं ते सगळं बाहेर काढायचं. वाकळा, चादरी, पडदे, ट्रंकेतले कपडे, मांडणीवरची भांडी, देवघरातली उपकरणी. धुता येईल ते धुवायचं, धुता येत नाही त्याला ऊन दाखवायचं, जाळ्या काढायच्या, भिंतींना रंग द्यायचा आणि मग घट बसवायचे. पूर्वी अख्खी गल्ली धुण्याची गाठोडी घेऊन नदीवर जायची. आता गच्चीवर होतं.

मी बावीस वर्षं दसरा काढतेय. त्यातली अठरा वर्षं मी सगळं बाहेर काढलं, धुतलं, वाळवलं आणि जसंच्या तसं आत नेऊन ठेवलं. झाकण हरवलेला डबासुद्धा घासून पुसून त्याच फळीवर. चार वर्षांपूर्वी पाठ धरली म्हणून मी गच्चीवर वाळत घातलेल्या सामानात नुसती बसून राहिले, आणि तेव्हा पहिल्यांदा वाटलं की यातलं निम्मं आत न्यायची गरजच नाही. कष्टाचं काम, म्हणजे सगळं बाहेर काढणं, आपण दरवर्षी करतोच. राहतो तो फक्त मधला एक टप्पा: दोरीवरून काढलं आणि घडी घालून आत नेलं, या दोन्हींच्या मध्ये प्रत्येक वस्तूला एकदा हातात घेऊन विचारणं. हा लेख त्या टप्प्याबद्दल आहे.

सुरुवात पितृपंधरवड्यात करा. बहुतेक घरांत त्या दिवसांत नवी खरेदी करत नाहीत. त्यामुळे पंधरा दिवस घरात नवं काही येत नाही, आणि घर हलकं करायला याहून चांगला काळ नाही. नवरात्र आलं, दिवाळी आली की सेल सुरू होतात, आणि पसारा काढायच्या नावाखाली आपण पसारा ठेवायला नवे डबे घेऊन येतो. डबे, रॅक, ऑर्गनायझर वगैरे काहीही आधी विकत घेऊ नका. आवराआवर संपेपर्यंत एकही नाही.

आधी घरातल्या माणसांशी बोला

माझ्या सासूबाईंना आम्ही अक्का म्हणतो. त्यांच्याकडे एक जुना बिस्किटांचा पत्र्याचा डबा आहे. त्यात तुटक्या शर्टाची बटणं, नाड्या, गुंडाळलेली सुतळी, औषधाच्या बाटल्यांची बुचं, मिठाईच्या खोक्याच्या सोनेरी दोऱ्या आणि तिकोनी घडी घातलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या. मी तो डबा 'काढायच्या' ढिगात ठेवला होता. अक्कांनी काही न बोलता उचलून मांडीवर घेतला. मी म्हटलं, "अक्का, यातलं एक तरी बटण कधी लावलंय का?" त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे माय, लागंल कवातरी. तू दुस्काळ न्हाई बगितलास."

१९७२ च्या दुष्काळात अक्का बारा वर्षांच्या होत्या. आईबरोबर खडी फोडायला गेल्या, सुकडी खाल्ली, अमेरिकेतून आलेल्या मिलो नावाच्या लाल ज्वारीच्या भाकरी खाल्ल्या. त्या भाकरीच्या चवीबद्दल त्या आजही बोलत नाहीत. त्या वर्षी ज्याच्याकडे चिंधी होती त्याला तिचा उपयोग होता. मला उत्तर सुचलं नाही आणि मी डबा परत दिला.

आपल्याकडची साठवण आळसातून आलेली नाही, टंचाईतून आली आहे, हे मला त्या दिवशी कळलं. त्यामुळे शहरी सल्ला इथे जसाच्या तसा लागू होत नाही. 'वर्षभर वापरलं नाही तर फेका' असं कोणी सांगितलं तर पाण्याचा ड्रम कुणी फेकावा? १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर, तेव्हा ज्यांच्या घरात कोठ्या-ड्रम होते त्यांचं निभावलं. पाणी, वर्षाचं धान्य आणि कागदपत्रं ही आपली टंचाईची तयारी आहे, तिला हात लावायचा नाही. पण बिनझाकणाचे बावीस डबे ही तयारी नाही, ती भीती आहे. दोन्ही एकाच फळीवर ठेवलेल्या असतात म्हणून ओळखू येत नाहीत. हातात घेऊन विचारायचा प्रश्न म्हणूनच असा आहे: "उद्या नळ बंद झाला, पीक गेलं, घरात कोणी आजारी पडलं, तर ही वस्तू मला कामाला येईल का?" आली तर ठेवा. नाही आली, आणि रोजच्या वापरातही नाही, तर तिची जागा दुसरीकडे आहे.

पक्का नियम एकच. दुसऱ्याची वस्तू आपण काढायची नाही. आमच्याकडे अक्कांची एक फळी ठरली आहे. त्या फळीवर काय ठेवायचं ते त्या ठरवतात, फळीबाहेर आलं की मी विचारते. गंमत म्हणजे फळी त्यांची झाल्यावर दुसऱ्याच वर्षी त्यांनी स्वतः अर्धा डबा रिकामा केला. कोणी हिसकावून घेणार नाही याची खात्री पटली की माणसाची मूठ सैल होते. लेकरांच्या खेळण्यांचंही तसंच, त्यांच्या मागे लपूनछपून काही देऊन टाकू नका. पुढची दहा वर्षं ते लेकरू सगळं कवटाळून बसेल.

चार जागा

गच्चीवर किंवा अंगणात चार जागा करा. सतरंजी: घरात परत जाणारं. जुनी चादर: दुसऱ्याला देण्याजोगं. पोतं: भंगार आणि रद्दी. आणि एक गाठोडं, ज्याच्याबद्दल ठरत नाही त्या वस्तूंचं. गाठोड्यावर कागद चिकटवून लिहा, 'संक्रांतीला उघडायचं'. नवरात्रापासून संक्रांतीपर्यंत तीन महिने होतात. तेवढ्यात त्यातली एखादी वस्तू शोधावी लागली तर ती काढून आत न्या. बाकी गाठोडं संक्रांतीला न सोडता चादरीवर ठेवा. सोडलंत की पुन्हा मोह होतो, हे मी दोनदा अनुभवलंय.

एका दिवसात एकच खोली, तीही अर्धी. सकाळी कपडे काढले तर संध्याकाळी त्यांचा निकाल लागला पाहिजे. रात्री पलंगावर ढीग राहिला तर दुसऱ्या दिवशी तो आपसूक कपाटात कोंबला जातो.

क्रमही महत्त्वाचा. स्वयंपाकघरापासून सुरू करा, कारण तिथे जीव फार अडकलेला नसतो. जुने मसाले, चिरलेली प्लॅस्टिकची चहाची गाळणी, खरवडलेली नॉनस्टिक तवी, कॅरिबॅगांचा गठ्ठा, हे पटापट निघतं आणि हाताला सवय होते. फोटो, पत्रं, गेलेल्या माणसांचे कपडे सगळ्यात शेवटी. उलटं केलं तर पहिल्याच दिवशी रडत बसायला होतं आणि दसरा तिथेच थांबतो.

धान्य तपासताना एक गोष्ट लक्षात ठेवा. सोंडे झालेली ज्वारी ऊन देऊन, चाळून, निंबाचा वाळला पाला घालून सावरते. बुरशी आलेलं धान्य मात्र जनावरालाही घालू नका. ती बुरशी विष तयार करते आणि ते दुधातूनही उतरतं. 'वाया जाईल' म्हणून गोठ्यात टाकण्याची सवय आपल्याकडे आहे, ती सोडायलाच हवी. पितळी भांड्यांची कल्हई उडाली असेल तर त्यात आंबट काही शिजवू नका, कल्हईवाला मिळाला तर करून घ्या. घंगाळ, परात, जुनी जड तपेली घाईने मोडीत घालू नका. किलोच्या भावाने पैसे येतात आणि महिन्यात संपतात. तसं घंगाळ पुन्हा घडत नाही. मोठी भांडी वापरात नसतील तर गावच्या देवळात द्या. भंडाऱ्याला, कोणाच्या लग्नाला कामाला येतात.

कपडे, आणि आहेराची वही

कपड्यांत मला सगळ्यात जास्त वेळ लागतो, कारण त्यातल्या निम्म्या वस्तू आपण घेतलेल्याच नसतात. त्या आलेल्या असतात. लग्नात, बारशात, डोहाळजेवणात, ओटीत आलेले ब्लाउजपीस, टॉवेल-टोप्या, कधीच न नेसलेल्या साड्या. आमच्या कपाटात एकदा सत्तेचाळीस ब्लाउजपीस निघाले. त्यातला एक मीच सहा वर्षांपूर्वी नणंदेला दिला होता, तो तिसऱ्या घरातून फिरून माझ्याकडे आला होता, कोपऱ्यात माझ्याच हातची हळदीची बोटं.

हे फिरतं कापड थांबवायचं तर आपल्या दारी आधी थांबवावं लागतं. आम्ही दिराच्या लेकीच्या लग्नात पत्रिकेवर 'आहेर स्वीकारला जाणार नाही' असं छापलं. अक्कांना आठ दिवस झोप नव्हती, लोक काय म्हणतील म्हणून. लोकांनी दोन दिवस चर्चा केली आणि तिसऱ्या दिवशी दुसरी चर्चा सुरू झाली. संक्रांतीच्या वाणाचंही तसंच. प्लॅस्टिकच्या वाट्या लुटण्यापेक्षा गुळाचा खडा, तिळाची पुडी, परसात लावायला भाजीचं बी द्या. संपणारी किंवा उगवणारी वस्तू कुणाच्या फळीवर साठत नाही.

साड्या निवडायची एक सोपी रीत. गेल्या दसऱ्यापासून जी नेसलात ती सतरंजीवर. जी 'पुढच्या कार्याला' म्हणून ठेवली आणि तीन कार्यं होऊन गेली तरी निघाली नाही, ती चादरीवर. पैठणी, रेशमी साड्या प्लॅस्टिकमध्ये ठेवू नका, मऊ सुती कापडात गुंडाळा, डांबरगोळी जरीला लागू देऊ नका आणि तीन-चार महिन्यांनी घडी बदला, नाहीतर घडीवरच फाटते. आणि कृपा करून त्या नेसा. पाहुण्यांसाठी चांगली चादर, सणासाठी चांगली कपबशी, आणि रोज आपल्याला कान तुटलेला कप, ही सवय मला सगळ्यात दुखरी वाटते. माझ्या आईच्या ट्रंकेत तिच्यामागे नऊ नव्या साड्या निघाल्या, पट्टीचा कागदही न काढलेल्या. ती रोज नेसायची त्या लुगड्याला ठिगळ होतं.

जुन्या सुती साड्या असतील तर चार-पाच साड्यांची एक वाकळ होते. गल्लीत वाकळ शिवणारी बाई असेल तर तिला ठरलेली मजुरी देऊन शिवून घ्या. सिंथेटिक साडीची वाकळ घाम टिपत नाही, तिच्या नादी लागू नका. बोहारणीला कपडे द्यायला हरकत नाही, तिच्यामार्फत ते पुन्हा वापरात जातात. पण बदल्यात टोपल्या आणि पातेली घेतलीत तर कपाट रिकामं होऊन मांडणी भरेल. मी पैसे घेते. कमी मिळाले तरी चालतात. कोणाला कपडे देताना धुऊन, बटणं लावून द्या. फाटकं-विटकं ते पुसायच्या फडक्यांत घाला, माणसाला देऊ नका.

याच कपाटात आहेराची वही असते. कुणी किती दिले, कुणी कसली साडी नेसवली, कुणी आलंच नाही. ती वही फाडावी की नाही यावर आमच्या घरात बरंच बोलणं झालं. ह्यांचं म्हणणं, रोख रकमा लिहिलेल्या आहेत ती लोकांची अडीनडीची मदत आहे, आपल्यावर फेड आहे, ती पानं हवीत. मला ते पटलं. दुष्काळात लग्न निभावतं ते अशाच पाचशे-हजाराच्या आहेरांवर. साड्यांची पानं मात्र मी फाडली. कारण त्या पानांचा उपयोग एकच होत होता: 'तिनं आपल्याला हलकी साडी दिली होती' हे दर वेळी आठवणं. गेली चार वर्षं मला ते आठवत नाही, आणि त्या बायकांशी मी मोकळं बोलते.

कागद: इथे घाई नको

कागदांच्या बाबतीत मी उलटाच सल्ला देईन. जे वाचता येत नाही ते सगळ्यात आधी जपा.

मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळे आपल्या जुन्या घरांत उर्दूत आणि मोडीत लिहिलेले कागद निघतात. आमच्या गावाकडच्या घरात एका पत्र्याच्या नळीत असा एक कागद होता, कडा कसरीनं खाल्लेल्या, मधोमध गोल शिक्का. मी तो रद्दीच्या पोत्यात टाकला होता. ह्यांनी सहज काढून शाळेतल्या उर्दूच्या सरांना दाखवला. ती शेतसाऱ्याची पावती निघाली, पणजोबांच्या नावाची, सन फसली १३४५. फसली सनात ५९० मिळवले की साधारण इसवी सन येतो, म्हणजे १९३५ च्या आसपासची. नव्वद वर्षांचा कागद, आणि मी तो चार रुपयांच्या रद्दीत घातला होता.

अशा कागदांना आज किती किंमत आहे ते सगळ्यांना माहीत आहे. कुणबी नोंदी शोधण्यासाठी २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा निजामकाळातल्या अशाच नोंदी चाळल्या गेल्या. जातपडताळणीला तर पुराव्याच्या तारखा ठरलेल्या आहेत. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७, यांच्या आधीचा पुरावा लागतो. म्हणून आजोबा-पणजोबांची टीसी, जन्ममृत्यूचा उतारा, खासरा, जुनी खरेदीखतं, वाटणीपत्रं, फेरफार हे कधीही टाकायचं नाही. लॅमिनेट करू नका, चिकटपट्टी लावू नका. सुती पिशवीत सपाट ठेवा, ओल येणाऱ्या भिंतीपासून लांब, निंबाचा वाळका पाला घालून. प्रत्येकाचा मोबाइलवर स्वच्छ फोटो काढा आणि घरातल्या दोघांकडे ठेवा.

बाकी कागदांत मात्र हात सैल सोडा. दोन-तीन वर्षांपूर्वीची वीजबिलं, बंद पडलेल्या मिक्सरचं गॅरंटीकार्ड, लग्नपत्रिका, शाळेच्या संपलेल्या वह्या, एका आधारकार्डाच्या अकरा झेरॉक्स. झेरॉक्स फाडूनच टाका. आयकर भरत असाल तर सात-आठ वर्षांची विवरणं ठेवा. आधार, वाहनपरवाना, गुणपत्रिका डिजिलॉकरमध्ये आणून ठेवल्या की पिशवीतली अर्धी गर्दी संपते.

माळा, पऱ्हाटी आणि फवारणीच्या बाटल्या

माळ्यावर चढण्याआधी पायात बूट, हातात बॅटरी आणि लांब काठी. ढिगाला हात घालण्याआधी काठीनं हलवा. पऱ्हाटीचा, सरपणाचा ढीग, जुन्या विटा, उलटी ठेवलेली पोती म्हणजे विंचवाचं घर, आणि उंदीर आले की मागे साप येतो. आपल्याकडच्या लाल विंचवाच्या दंशानं पूर्वी लेकरं दगावायची. जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाडमध्ये काम करताना प्राझोसिन हे औषध त्यावर वापरून दाखवलं आणि मृत्यू फार कमी झाले. २०२२ ला त्यांना पद्मश्री मिळाली. दंशानंतर दरदरून घाम, थंड हातपाय, उलटी दिसली की उतारा-मंत्राच्या मागे न लागता सरळ दवाखान्यात न्या.

झोपायच्या जागेवरच्या फळीवर जड काही ठेवू नका. आमचं गाव औसा तालुक्यातलं, किल्लारीही त्याच तालुक्यात, आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीच्या भूकंपात काय झालं ते आमच्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. विसर्जनाचे दमलेले लोक झोपेत होते आणि दगडमातीच्या भिंती, माळवदाची जड माती अंगावर आली. आजही मी पाहते, पलंगावरच्या माळ्यावर लोखंडी ट्रंक, पाटा, जुना टीव्ही. तो दसऱ्यात आधी उतरवा. उंच कपाट भिंतीला ठोकून बसवा. पलंगापासून दारापर्यंतची वाट अंधारातही मोकळी हवी.

गच्चीवर टायर, फुटके ड्रम, कुंड्यांच्या ताटल्या असतील तर पोत्यात जाऊ द्या. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवा डास उडतो. म्हणून कामाचे ड्रम ठेवा पण आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा, आणि ड्रमच्या आतली कड घासा. अंडी कोरड्या कडेला चिकटून महिनोन्महिने जगतात.

आणि फवारणीची औषधं. शेतकऱ्याच्या घरात ती पलंगाखाली, स्वयंपाकघराच्या कोनाड्यात, पेंडीच्या पोत्यामागे असतात. दसऱ्याच्या पंधरा दिवसांत तुम्हाला एकच काम करायला वेळ असेल तर हेच करा. सगळ्या बाटल्या घराबाहेर काढा, शेतातल्या कोठ्यात कुलपाच्या पेटीत ठेवा, किल्ली एकाच्या हाती. रिकाम्या बाटल्या तीनदा विसळून, ते पाणी फवारणीच्या पंपातच ओतून, भोक पाडून टाका. तेलाला, पाण्याला कधीही वापरू नका. मी हे कळकळीनं सांगतेय कारण आपल्या भागात किती घरांत रागाच्या, निराशेच्या एका क्षणात हात त्या बाटलीकडे गेलाय. ती हाताशी नसेल तर तो क्षण टळतो. घरात कोणी फार गप्प झालं असेल, देणंघेणं, व्याज यांचंच बोलत असेल, तर बाटल्या काढून थांबू नका. शेजारी बसा, विचारा, आणि १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर फोन लावून द्या. तो मोफत आहे आणि मराठीत बोलतात.

घरातली मुदत संपलेली औषधं वेगळी काढून औषधाच्या दुकानात विचारा. अर्ध्या राहिलेल्या अँटिबायोटिकच्या पट्ट्या 'पुढच्या तापाला' ठेवू नका. जुने मोबाइल भंगारात देताना सिमकार्ड काढा, आतली माहिती पुसा. फुगलेली बॅटरी इतर सामानात टाकू नका.

भावकीची फाइल

आमच्या माळ्यावर एक तपेलं होतं. पंचवीस-तीस माणसांचा भात शिजेल एवढं, तांब्याचं, कडेला आजेसासऱ्यांचं नाव कोरलेलं. वाटणी झाली तेव्हा ते आमच्याकडे आलं आणि त्याची जोड, म्हणजे झाकण, चुलत दिरांकडे गेली. त्यानंतर बांधावरून वाद झाला. त्यांनी एक हात बांध कोरला असं आमचं म्हणणं, आम्ही कोरला असं त्यांचं. कोर्टाची फाइल तपेल्याच्या शेजारीच होती. अकरा वर्षं दोन घरं एकमेकांच्या दारावरून मान खाली घालून जायची.

मी ते तपेलं पुसून सतरंजीवर ठेवायला गेले आणि हातातच धरून राहिले. टंचाईत कामाला येईल का? झाकणाशिवाय नाही. रोजच्या वापरात आहे का? नाही. मग आपण ते कशासाठी धरून बसलोय, हे ह्यांनाच विचारलं. त्यांनी फाइलकडे पाहिलं.

वाद कसा सोडायचा याचा मार्ग नुसता मनाचा मोठेपणा हा नाही, कागदाचाही आहे. चालू दावा लोकअदालतीत मिटवला तर भरलेली कोर्ट फी परत मिळते आणि त्या निवाड्यावर अपील होत नाही, म्हणजे तो खरंच संपतो. एकाची जमीन दुसऱ्याच्या आणि दुसऱ्याची पहिल्याच्या ताब्यात किमान बारा वर्षं असेल, तर त्यासाठी शासनानं २०२३ मध्ये सलोखा योजना आणली. त्यात अदलाबदलीच्या दस्ताला एक हजार रुपये मुद्रांक शुल्क आणि एक हजार नोंदणी फी ठेवली होती. ती अजून चालू आहे का आणि तुमच्या प्रकरणात बसते का, हे तलाठ्याकडे विचारा. मोजणी करून घ्या, निकाल काहीही आला तरी मानायचा असं आधी दोघांनी ठरवा. पण या सगळ्याच्या आधी कुणीतरी दार वाजवावं लागतं.

आपल्याकडे भांडं रिकामं परत देत नाहीत. मी तपेल्यात नव्या ज्वारीचं पायलीभर पीठ घातलं, वरती धपाटे बांधून ठेवले आणि चुलत जाऊबाईंच्या दारात नेलं. म्हटलं, "दसरा काढला, हे तुमच्या झाकणाचं आहे." त्यांनी पदर सावरला, तपेल्याच्या कडेवरचं नाव बोटानं एकदा चाचपलं आणि म्हणाल्या, "ये की आत, उन्हात काय उभारलीस?"

मोजणी अजून व्हायची आहे. फाइल माळ्यावरून खाली उतरली आहे, कपाटात आहे. घटस्थापनेच्या दुसऱ्या दिवशी त्यांची लेक एक स्टीलचा डबा घेऊन आली, भगरीचा भात आणि शेंगदाण्याची आमटी. तो डबा आता आमच्या ओट्यावर धुऊन पालथा घातलाय. परवा परत द्यायचा आहे, आणि त्यात काय घालायचं यावर अक्कांचा सकाळपासून विचार चाललाय.